मोत्याची ताटवाटी

घरात कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की पहिला वाद होतो नावावरून आणि दुसरा ते झोपणार कुठे यावरून. मग पट्टा येतो, साखळी येते, लस कुठे टोचायची तेही ठरते. सगळ्यात शेवटी आठवण होते ती भांड्याची. फडताळाच्या तळातून कडा वाकलेली थाळी बाहेर निघते, कान तुटलेले पातेले निघते, नाहीतर आइस्क्रीमचा रिकामा डबा सापडतो. "कुत्र्याला काय, काहीही चालतं!" असे म्हणत ते भांडे गॅलरीच्या कोपऱ्यात जाते आणि पुढची आठ-दहा वर्षे तिथेच राहते.

वाडा आणि अंगण होते तेव्हा हे खपून जात असे. मोत्या अंगणात जेवायचा, घटकाभरात थाळी चाटूनपुसून साफ करायचा, आणि ती थाळी दिवसभर उन्हात पडायची. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ऊन नाही आणि अंगणही नाही. मोत्याचे भांडे स्वयंपाकघराच्या दाराशी असते, त्याच फरशीवर घरातले तान्हे रांगते. शिवाय टाकाऊ भांड्याची एक गंमत असते. ते घरातल्या भांड्यांत मोजलेच जात नाही, म्हणून घासायच्या भांड्यांतही ते येत नाही. रात्री ओटा आवरला जातो, पण मोत्याची थाळी तशीच राहते. भांडे निवडण्याचा प्रश्न म्हणूनच चैनीचा नाही. घरातल्या भांड्यांत त्याची गणना होते की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

बंगळुरूसारख्या शहरात तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. हवा सौम्य असल्याने इथे कुत्री पाळण्याची हौस जुनी आहे. नोकरीसाठी येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती लागते. पण नळाला येणारे पाणी कधी कावेरीचे, कधी बोअरचे, तर कधी टँकरचे असते. आणि ते मोत्याच्या वाटीत दिवसभर उभे असते.

स्टील, माती की प्लॅस्टिक?

सर्वांत निर्धोक भांडे स्टीलचे. ते फुटत नाही, चावले जात नाही, वास धरत नाही आणि गरम पाण्याने स्वच्छ निघते. '३०४' असा शिक्का असलेले स्टील घ्यावे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, त्यामुळे ते सहसा गंजत नाही. दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत फारशी कामाची नाही, कारण स्वस्तातल्या '२०२' प्रकारच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. तळाला रबराची कडी असलेले भांडे घेतले तर ते फरशीवर सरकत नाही. मात्र ती कडी काढता येणारी असावी. तिच्या खाचेत अन्न अडकते, आणि कडी निघत नसेल तर ती खाच कधीच धुतली जात नाही.

प्लॅस्टिकचे भांडे स्वस्त आणि रंगीबेरंगी असते, पण त्याच्यावर फार लवकर ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत तेलकटपणा आणि जंतू घर करतात, कितीही घासले तरी ते निघत नाहीत. पिल्लांना दात येत असताना ती भांड्याची कड कुरतडतात आणि तुकडे गिळतात. काही कुत्र्यांच्या नाकाचा आणि ओठांचा रंग प्लॅस्टिकच्या सततच्या संपर्काने फिका पडतो, कातडी लालसर होते. असे दिसले तर आधी भांडे बदलून पाहावे.

पितळ, तांबे आणि जस्ताचा मुलामा दिलेली भांडी मोत्यासाठी नकोत. बंगळुरूत दहीभात आणि ताक घरोघरी असते आणि त्यातला वाटा कुत्र्यालाही मिळतो. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ ठेवला की काय होते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. नियम माणसाला लागू, तोच कुत्र्याला. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले म्हणून हल्ली कुत्र्यालाही देतात. पण लॅब्राडॉरसह काही जातींमध्ये यकृतात तांबे साठत जाण्याचा आजार आढळतो. त्यांच्यासाठी ही हौस नसलेलीच बरी.

चिनी मातीचे भांडे जड असते, लवंडत नाही, दिसतेही छान. पण ते अन्नासाठी म्हणून विकलेले असावे. शोभेच्या भांड्यांच्या चकाकीत शिसे असू शकते. त्याला टवका गेला किंवा बारीक तडा दिसला तर ते झाडाच्या कुंडीखाली जावे, मोत्यापुढे नको.

आणि आपली साधी माती? बंगळुरूच्या छावणी भागात 'पॉटरी टाउन' नावाची कुंभारांची जुनी वस्ती आहे. तिथे मातीची भांडी आणि गणपती घडवले जातात. असे न रंगवलेले पसरट भांडे उन्हाळ्यात पाण्यासाठी उत्तम. बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार राहते. पण तीच छिद्रे रस्सा आणि चरबीही शोषतात. म्हणून मातीचे भांडे पाण्याला घ्यावे, जेवणाला नाही. त्याला साबणही लावू नये. काथ्याने आणि गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवावे, आणि बुळबुळीतपणा जाईनासा झाला की बदलावे.

तोंड पाहून ताट

भांड्याचा आकार कुत्र्याच्या तोंडावरून ठरतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला खोल वाडगा दिला तर खाताना नाक बुडते आणि आधीच जड असलेला श्वास आणखी कोंडतो. त्याला पसरट, उथळ थाळी बरी. कॉकर स्पॅनियलचे लांब कान प्रत्येक घासाला अन्नात लोळतात. त्याच्यासाठी तोंड अरुंद आणि तळ रुंद असे भांडे घ्यावे, म्हणजे कान बाहेर राहतात. नाहीतर ओले, खरकटे कान पुढे दुखायला लागतात. कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यातला, घोरपडे राजघराण्याने जोपासलेला आणि २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकलेला मुधोळ हाउंड लांब, निमुळत्या तोंडाचा. त्याला खोल भांडे सोयीचे पडते.

उंच स्टँडवर बसवलेली भांडी दिसायला ऐटदार असतात. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला डॉक्टर ती सुचवतातही. पण सरसकट घेऊ नयेत. मोठ्या आणि अवाढव्य जातींच्या कुत्र्यांचे पोट अचानक वायूने फुगून पीळ पडण्याचा एक जीवघेणा आजार असतो. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उंचावरच्या भांड्यात खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये या आजाराचा धोका अधिक आढळला. भराभर खाणे हेही त्यांना एक कारण दिसले. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड घरात असेल तर स्टँड घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अधाशीपणे खाणाऱ्याला आत उंचवटे असलेले भांडे द्यावे, किंवा अन्न मोठ्या परातीत पसरून द्यावे. घास आपोआप लहान होतो.

कुत्री दोन असतील तर जेवणाची भांडीही दोन हवीत, आणि तीही अंतरावर. एकाच थाळीवर दोघांना सोडणे म्हणजे रोजच्या भांडणाला आमंत्रण. मुलांनाही एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवावी : जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटात हात घालायचा नाही आणि ताट ओढायचे नाही. एरवी गरीब असलेला मोत्याही तेव्हा गुरगुरतो, आणि प्रसंगी चावतो.

वाटीतले पाणी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटरची. तरीही कित्येक वसाहती बोअर आणि टँकरवर अवलंबून असतात, आणि हे पाणी बहुधा जड असते.

जड पाण्याची खूण वाटीतच दिसते. काठाला पांढरा, खरखरीत थर बसतो. हे क्षार कुत्र्याला सहसा विषारी नसतात, पण त्या खरखरीत थराच्या आडोशाने जंतू टिकतात आणि वाटी घासली तरी स्वच्छ होत नाही. आठवड्यातून एकदा चिंचेचा कोळ, लिंबाची साल किंवा थोडे व्हिनेगर लावून दहा मिनिटे ठेवावे. थर सुटतो. मग स्वच्छ धुऊन घ्यावे. घरात जे पाणी माणसे पितात तेच मोत्याला द्यावे, हा सोपा नियम. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र फरशी पुसायला वापरावे, वाटीत ओतू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात.

पाणी किती लागते? निरोगी कुत्र्याला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. विकतचे कोरडे खाणे असेल तर जास्त, नाचणीची आंबील किंवा ओलसर भात असेल तर वाटीतून कमी, कारण पाणी अन्नातूनच जाते. वाटी मोठी असावी, पण सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावे. दिवसभर घर बंद राहणार असेल तर दोन ठिकाणी दोन वाट्या ठेवाव्यात. एक लवंडली तरी दुसरी राहते.

मार्च २०२४ मध्ये शहरात पाण्याची तीव्र टंचाई होती. तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास आणि बागेला पाणी घालण्यास बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. अशा दिवसांत वाटीतले शिळे पाणी मोरीत ओतताना हात आखडतो आणि मग तेच पाणी दोन-दोन दिवस तसेच राहते. त्याला तोड सोपी आहे. वाटीतले उरलेले पाणी तुळशीला सोडून बाकीच्या कुंड्यांना घालावे आणि वाटी ताज्या पाण्याने भरावी. थेंब वाया जात नाही आणि मोत्याही शिळे पीत नाही.

घासायचे कसे?

पाण्याच्या वाटीच्या आतून बोट फिरवले तर कधी कधी बुळबुळीत लागते. पाणी स्वच्छ दिसत असले तरी ही बुळबुळ म्हणजे जंतूंनी लाळेत आणि पाण्यात तयार केलेला पातळ थर असतो. नुसते विसळून तो जात नाही, घासावाच लागतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४१७ श्वानमालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात रोज भांडे धुणारे फक्त १२ टक्के निघाले. सुमारे १८ टक्के लोक तीन महिन्यांतून एकदा तरी धुतात किंवा धुतच नाहीत, असेही आढळले. साबण आणि खूप गरम पाणी, म्हणजे ७१ अंश सेल्सियसच्या वरचे, यांनी धुतलेल्या भांड्यांवर जंतू स्पष्टपणे कमी झाले. ही पाहणी परदेशातली, पण आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे समजण्याचे कारण नाही.

पद्धत अशी ठेवावी. जेवणाचे भांडे प्रत्येक जेवणानंतर आणि पाण्याची वाटी दिवसातून एकदा घासावी. मोत्याची घासणी वेगळी असावी, तिला निराळ्या रंगाचा दोरा बांधला की गोंधळ होत नाही. नेहमीची भांड्याची पावडर किंवा साबण चालतो, पण तो पूर्ण निघेपर्यंत धुवावे. साबणाचा वास राहिला तर कुत्रे पाण्याला तोंड लावत नाही आणि घरचे समजतात त्याला तहान नाही! शेवटी उकळते पाणी ओतून भांडे पालथे घालून कोरडे होऊ द्यावे. तारेची घासणी मात्र नको, तिने स्टीलवर चरे पडतात. भांडे धुणाऱ्याने आणि मोत्याला वाढणाऱ्याने हातही साबणाने धुवावेत. भांडी घासायला बाई येत असतील तर मोत्याचे भांडे त्यांना न सांगता घरच्या ढिगात ढकलू नये. कामाचे आधी बोलून घ्यावे, नाहीतर ते घरातल्यांनीच घासावे.

कच्चे मांस देत असाल तर जंतूंचा धोका वाढतो. लहान मुले, गरोदर बाई किंवा आजारी, वृद्ध माणसे घरात असतील तर मांस शिजवूनच द्यावे. ओले अन्न अर्ध्या तासात संपले नाही तर उचलावे. दिवसभर पडलेला दहीभात आंबतो, त्यावर माश्या आणि मुंग्या येतात. मुंग्यांसाठी खडू ओढू नये. तो विषारी असतो आणि मोत्या जमीन चाटतो. आपला जुना उपाय बरा : परातीत बोटभर पाणी घालून त्यात भांडे ठेवावे.

घरात पार्व्होचा आजार होऊन गेला असेल तर नेहमीची धुलाई पुरत नाही. हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. घासून स्वच्छ केलेल्या भांड्याला घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग या प्रमाणात लावून दहा मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. प्लॅस्टिकचे किंवा मातीचे भांडे असेल तर सरळ फेकून द्यावे.

फाटकाबाहेरची वाटी

तेव्हाच्या बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या २०२३ च्या गणनेत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री आढळली होती. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी फाटकाबाहेर सिमेंटचे भांडे भरून ठेवणारी घरे अनेक आहेत. हेतू पुण्याचा, पण जबाबदारीही मोठी.

नवे सिमेंट पाण्यात क्षार सोडते. म्हणून नवे भांडे तीन-चार दिवस पाण्याने भरून ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि मगच वापरायला काढावे. त्याहून मोठा प्रश्न डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात. म्हणजे पाणी ओतून पुन्हा भरले तर अंडी जागच्या जागी! भिंत घासायलाच हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग जाहीर केले आणि आवारात डासांची पैदास आढळल्यास शहरी घरांना ४०० रुपये दंड ठरवला. दंडाचे सोडा, शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला तर त्या पुण्याचे काय? पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. गावाला जाताना ते पालथे घालून जावे.

रस्त्यावरच्या भांड्यातून आपल्या मोत्याला मात्र पाणी पिऊ देऊ नये. कुत्र्यांचा खोकला त्यातून पसरतो, आणि उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जो माणसालाही होतो. फिरायला जाताना घरूनच पाण्याची बाटली आणि छोटी वाटी न्यावी. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनुसार, सोसायटीत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर हवी. या विषयावर न्यायालयांचे नवे आदेशही येत असतात. म्हणून जागा सोसायटीच्या सभेत बोलून ठरवावी. शेजाऱ्याशी भांडून ठेवलेली वाटी दुसऱ्या दिवशी फुटलेली सापडते आणि तहानलेले कुत्रे तहानलेलेच राहते.

भांडे बोलते

कुत्र्याला दुखणे सांगता येत नाही. पण त्याचे भांडे रोज घासणाऱ्याला ते आधी कळते. वाटी एका ठरलेल्या मापाने भरावी आणि संध्याकाळी किती उरले ते पाहावे. २० किलोचे कुत्रे दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी पिऊ लागले आणि हे दोन-तीन दिवस चालले तर ते उन्हाळ्यावर ढकलू नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा मादीच्या गर्भाशयात पू होणे, यांची ती सुरुवात असू शकते. पाणी तोडायचे तर मुळीच नाही, डॉक्टर गाठायचे. भांड्यात घास उरू लागले, खाताना तोंड वाकडे होऊ लागले किंवा काठाला रक्त दिसले तर दात तपासावेत.

एक समज दूर व्हायला हवा. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते असे म्हणतात. पाण्याची ती भीती रेबीज झालेल्या माणसात दिसते. कुत्र्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, त्यामुळे ते पाण्याकडे जाते पण गिळू शकत नाही आणि लाळ गाळत राहते. म्हणून "पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही" असा निष्कर्ष काढू नये. वागणे बदललेल्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या भांड्याला उघड्या हाताने शिवू नये आणि घशात काही अडकले आहे का ते पाहायला तोंडात हात घालू नये. अशा वेळी मदत मागावी. बंगळुरूत हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि 'क्यूपा' ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था १९९१ पासून.

हा सगळा व्याप ऐकून घरातल्या आजी म्हणतील, "आमच्या वेळी नव्हतं बाई एवढं!" त्यांचे खरेच आहे. पण त्यांच्याच वेळी गाईच्या गोठ्यातले टोपले रोज धुतले जायचे आणि पहिली भाकरी तिच्यासाठी वेगळी निघायची. घरातल्या जनावराचे ताट ही घराची जबाबदारी, हा त्यांचाच नियम. स्टीलची दोन भांडी, निराळ्या रंगाच्या दोऱ्याची एक घासणी आणि रोजची पाच मिनिटे, मोत्याचे एवढ्यात भागते. आज रात्री ओटा आवरताना त्याची थाळीही उचलावी आणि घासून घरच्या थाळ्यांशेजारी पालथी घालावी.